गच्चीवरचं बोर्ड मधेच मुकं होतं. काट्याची जुनी सिरियल केबल लावली तर चालेल का?

धर्मकाटा · रविवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. मुक्काम राजेंद्रनगर, इंदूर. तांत्रिक विषयावर धागा काढायची पहिलीच वेळ आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडे नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात. पाणी आधी खालच्या हौदात पडतं, तिथून मोटरनं गच्चीवरच्या टाकीत. मोटर आपोआप चालू-बंद व्हावी म्हणून भाच्यानं चार वर्षांपूर्वी एक छोटं बोर्ड करून दिलं. त्यावर पत्र्याची टोपी घातलेला ईएसपी-१२एफ (बोर्डाचा मेंदू), मोटर चालू-बंद करणारा एक रिले, पाच व्होल्टचं पॉवर मॉड्यूल, आणि टाकीत पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या फ्लोटच्या दोन तारा. भाचा आता बंगळुरात नोकरीला.

दुखणं असं की लाईट जाऊन आली की बोर्ड कधी चालतं, कधी ढिम्म. दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी, आंघोळी खोळंबलेल्या, आणि सौ. माझ्याकडे अशा बघतात की जणू नर्मदा मीच अडवून धरली आहे. गच्चीवर जाऊन बोर्डाचा स्विच बंद-चालू केला की लगेच शहाण्यासारखं चालतं. इथल्या इलेक्ट्रिशियननं दोनदा रिले बदलला. फरक शून्य.

भाचा म्हणाला, "मामा, सिरियल लावून बघा काय बोलतंय ते." बोर्डाच्या कडेला चार पिना आहेत, त्यांवर जी (ग्राउंड), टी (बोलणारी), आर (ऐकणारी), व्ही (पॉवर) छापलंय. आता सिरियल म्हटल्यावर माझी छाती फुगली. तीस वर्षं धान्यमंडीत धर्मकाट्यावर काढलीत. काट्याच्या इंडिकेटरपासून कॉम्प्युटरपर्यंत नऊ पिनांची केबल, वेग २४०० बॉड (सेकंदाला तितके बिट), ट्रक चढला की वजन स्क्रीनवर. त्या काळची एक निळी केबल घरी आहे, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला नऊ पिना. बोर्ड खाली आणलं, पाचव्या पिनेची तार जीला, दुसरीची टीला लावली, पुटी (सिरियलवरचं बोलणं स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून ९६०० ठेवलं. अक्षरं येतात, पण सगळा कचरा. २४०० पासून ११५२०० पर्यंत सगळे वेग करून झाले. कचऱ्याचा आकार बदलतो, बाकी काही नाही.

केबल म्हातारी झाली की मी?

जुना_मोडेम · रविवार, रात्री १०:०५

आधी ती केबल काढा. मग हे वाचा.

तिसरी पिन बोर्डाच्या आरला जोडली होती का?

धर्मकाटा · रविवार, रात्री १०:१२

काढली. तिसरी नव्हती जोडली. काट्याला कधी लागलीच नाही. काटा बोलायचा, कॉम्प्युटर ऐकायचा, उलट बोलायची सोयच नव्हती.

जुना_मोडेम · रविवार, रात्री १०:४४

मग मंडीतल्या सवयीनं बोर्ड वाचवलं म्हणायचं.

तुमच्या निळ्या केबलमधून वाहतं ते आरएस-२३२. १९६० सालचं मानक, मोडेमसारख्या यंत्रांसाठी केलेलं. त्यात 'एक' म्हणजे उणे व्होल्ट आणि 'शून्य' म्हणजे अधिक व्होल्ट. पाठवणाऱ्यानं निदान ५ ते १५ व्होल्ट द्यायचे, ऐकणाऱ्याला ३ पुरतात. एवढा मोठा झोका ठेवला म्हणूनच तुमचा काटा आणि कॉम्प्युटर यांच्यात दहा-पंधरा मीटर केबल असूनही वजन नीट उतरायचं.

बोर्डावर मात्र 'एक' म्हणजे ३.३ व्होल्ट आणि 'शून्य' म्हणजे शून्य. उणे प्रकरणच नाही. बिट तेच, क्रम तोच, बॉड तोच, पण विजेची रीत अगदी उलटी. ईएसपीच्या चिपची सहनशक्ती ३.६ व्होल्टपर्यंत. तिला उणे सहा किंवा अधिक सहा दाखवणं म्हणजे वासराला ट्रक ओढायला लावणं.

विश्वास बसत नसेल तर मीटर घ्या. डीसी २० व्होल्टवर ठेवा, केबल फक्त लॅपटॉपला लावा, बोर्ड लांब ठेवा. काळी तार पाचव्या पिनेला, लाल तिसरीला. काय दिसतं ते इथे लिहा.

धर्मकाटा · रविवार, रात्री १०:५८

उणे ५.८. आधी वाटलं मीटरच्या तारा उलट्या खोचल्यात, काढून पुन्हा बघितल्या. तारा बरोबर होत्या. तीस वर्षं ही केबल हाताळली, पण तिच्यात उणे वाहतं हे आज कळलं.

पेठकर · रविवार, रात्री ११:१५

विषय समजला नाही, पण 'नळ येतात' म्हणजे काय हो? प्लंबर घेऊन येतो का?

धर्मकाटा · रविवार, रात्री ११:१९

पेठकर भिया, तुमच्याकडे पाणी येतं, आमच्याकडे नळ येतात. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून विंध्याचा घाट चढून येतात. मानानं घ्यावं.

शुभा_बडोदे · सोमवार, सकाळी ७:५०

नमस्कार काका. वडोदऱ्याला पॉलिटेक्निकमध्ये हेच शिकवते, म्हणून राहवलं नाही.

कचरा का दिसला ते सांगते. आरएस-२३२ ऐकणाऱ्या चिपांना कागदोपत्री उणे ३ हवं असतं, पण बहुतेकींची सीमारेषा प्रत्यक्षात एक-दीड व्होल्टच्या आसपास असते. त्यामुळे बोर्डाचे ३.३ तिला 'अधिक' म्हणून कळतात आणि शून्य 'उणे' म्हणून. ऐकू आलं, पण प्रत्येक बिट उलटा. शांत बसलेली ओळ तिला सतत 'शून्य' वाटते, मग अक्षराची सुरुवात कुठली हेच समजत नाही. कितीही बॉड बदला, कचराच राहणार.

दोन वाटा आहेत. मधे मॅक्स-३२३२ चिपचं छोटं मॉड्यूल लावायचं. ते ३.३ व्होल्टवर चालतं आणि दोन्हीकडची विजेची भाषा बदलून देतं, मग निळी केबलही कामी येईल. किंवा सरळ यूएसबी-टीटीएल मॉड्यूल घ्यायचं, ते बोर्डासारखीच उणे नसलेली भाषा बोलतं (तिलाच टीटीएल म्हणतात), पेन ड्राइव्हएवढं असतं. मी दुसरं सुचवेन.

आणि एक महत्त्वाचं. बोर्डावर जे पॉवर मॉड्यूल आहे, त्यात ट्रान्सफॉर्मर आहे का? काही स्वस्त बोर्डांत मोठा चौकोनी कपॅसिटर लावून थेट २३० व्होल्टमधून पाच व्होल्ट काढतात. तसं असेल तर बोर्डाची जी म्हणजे प्रत्यक्षात घरातली विजेची तार, आणि लॅपटॉप तिला जोडला तर लॅपटॉप तरी जाईल नाहीतर तुम्ही. फोटो टाका, तोवर हात लावू नका.

कथीलवाला · सोमवार, सकाळी ९:३०

काका, मी पण इंदूरचाच, सुदामानगर. टीटीएल मॉड्यूल जेल रोडला मिळून जाईल, दीड-दोनशे रुपये. दुकानदाराला 'सिरियल केबल' म्हणू नका, परत तीच निळी देईल. 'यूएसबी टू टीटीएल' म्हणा. आतली चिप सीएच-३४० किंवा सीपी-२१०२, कुठलीही चालेल.

घरी आणल्यावर बोर्डाला लावायच्या आधी मॉड्यूलच्याच टीएक्स (बोलणारी) आणि आरएक्स (ऐकणारी) पिना एका तारेनं एकमेकींना जोडा आणि पुटीत काही टंका. टंकलेलं परत दिसलं तर मॉड्यूल, ड्रायव्हर, कॉम पोर्ट सगळं ठीक. नाही दिसलं तर बोर्डाला दोष द्यायचं कारण नाही. मी हे न करता एकदा अख्खा रविवार घालवलाय.

लिनक्स असेल तर वेगळी मजा. उबुंटू २२.०४ मध्ये अंधांसाठीच्या ब्रेल यंत्राचा प्रोग्रॅम सीएच-३४० ला आपलं यंत्र समजून ताब्यात घेतो. पोर्ट दिसतो आणि क्षणात गायब होतो. तो प्रोग्रॅम काढून टाकला की झालं.

धर्मकाटा · सोमवार, रात्री ८:२०

शुभाताई, फोटो टाकलाय. मॉड्यूल काळ्या डब्यातलं बंद आहे. भाच्याला विचारलं, आत ट्रान्सफॉर्मर आहे, दोन्ही बाजू वेगळ्या आहेत म्हणाला. तरी टेबलावर मी ते वापरणारच नाही, मोबाईलच्या चार्जरनं पाच व्होल्ट देणार.

जेल रोडहून मॉड्यूल आणलं. (जाता जाता पोहे झाले. सकाळी घरीही झाले होते. ते मोजू नयेत.) टीएक्स-आरएक्स जोडून टंकलं, दिसलं. एक शंका आहे. मॉड्यूलवर ३.३ आणि ५ असं छापलेलं जम्पर आहे. ते ३.३ वर ठेवून टीएक्सवर मीटर लावलं तर ४.९ दाखवतंय. ५ वर ठेवलं तरी ४.९.

जुना_मोडेम · सोमवार, रात्री ८:३५

मोजलंत हे फार चांगलं केलंत. बऱ्याच स्वस्त मॉड्यूलांत ते जम्पर फक्त व्हीसीसी (पॉवरच्या) पिनेचा व्होल्टेज बदलतं, टीएक्स आहे तसाच राहतो. छापलेल्यावर जाऊ नका, मीटरवर जा.

पण तुम्हाला आत्ता ऐकायचंच आहे ना? मग परत दोनच तारा. जी ला जी, आणि बोर्डाची टी मॉड्यूलच्या आरएक्सला. मॉड्यूलची टीएक्स मोकळी सोडा. व्हीसीसी तर अजिबात जोडू नका, बोर्डाला स्वतःची पॉवर आहे, दोन बैल एका जुवाला नकोत. आधी जी जोडा, मग टी.

शुभा_बडोदे · सोमवार, रात्री ८:५०

टी ला टी लावून 'चालत नाही' म्हणणारे दरवर्षी निम्मा वर्ग भरतात. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला.

पुढे कधी बोर्डाला काही पाठवायचं झालं तर ४.९ चे ३.३ करायला तीन एक-किलोओहम रेझिस्टर पुरतात. एक टीएक्स आणि बोर्डाच्या आरच्या मधे, दोन एकापाठोपाठ आर आणि जीच्या मधे. तीनातला दोन तृतीयांश, म्हणजे ३.२७.

टीएक्स मोकळी ठेवण्याचं आणखी एक कारण. माझ्याकडे एकदा एका बोर्डाची पॉवर काढलेली, तरी त्यावरचा निळा दिवा मंद जळत होता. मुलं म्हणाली मॅडम, भूत. मॉड्यूलची टीएक्स शांत असताना 'एक' वर असते, तिथून आरच्या पिनेतून अख्ख्या बोर्डाला चोरून पॉवर मिळत होती. अशा अर्धमेल्या बोर्डाला बंद-चालू करून काही उपयोग नसतो, कारण ते नीट बंदच होत नाही.

धर्मकाटा · सोमवार, रात्री ९:४१

बोललं! चार वर्षांत पहिल्यांदा!

९६०० वर लावलं. पॉवर दिली की आधी अर्धी ओळ कचरा, आणि मग स्वच्छ इंग्रजीत, दर दोन सेकंदांनी एक ओळ. देवनागरीतच उतरवतो: 'टँक ० मोटर १'. रिले कट्ट करतो तोही ऐकू येतो. सौं.ना बोलावून दाखवलं. "मग बिघडलंय काय?" म्हणाल्या. उत्तर नाही.

ती सुरुवातीची कचऱ्याची ओळ कसली? तिथेच काही गडबड आहे का?

कथीलवाला · सोमवार, रात्री ९:५५

काका, तो कचरा नाही, दुसऱ्या वेगातलं बोलणं आहे. तुमच्या ईएसपी-१२एफच्या टोपीखाली जी ईएसपी-८२६६ चिप आहे, तिच्या पोटात कायमचा कोरलेला छोटा प्रोग्रॅम असतो, पॉवर आली की तो आधी एक ओळ बोलतो. तो असं धरून चालतो की बोर्डावर ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपच्या घड्याळाला ठोके देणारा) आहे आणि ११५२०० नं बोलतो. पण या मॉड्यूलांवर २६ चा असतो. म्हणून ११५२०० गुणिले २६ भागिले ४०, बरोबर ७४८८०. हा वेग पुटीत हातानं टंकावा लागतो. त्यावर लावलंत तर पहिली ओळ वाचता येईल, पुढचं भाच्याच्या प्रोग्रॅमचं बोलणं कचरा दिसेल.

जुना_मोडेम · सोमवार, रात्री १०:१०

भर घालतो. एक अक्षर म्हणजे दहा बिट, सुरुवातीचा एक, मजकुराचे आठ, शेवटचा एक. दोन्ही टोकांची घड्याळं वेगळी, आणि ती प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीलाच जुळवून घेतात. दहाव्या बिटापर्यंत अर्ध्या बिटापेक्षा जास्त चूक जमली की अक्षर फुटतं. म्हणून दोघांत मिळून चारेक टक्क्यांपर्यंत चालतं, ७४८८० च्या जागी ११५२०० चालत नाही. २४०० ला मंडीतल्या काट्याची चूक पोटात गेली असती, असंही नाही. चूक टक्क्यात असते, वेगात नाही.

धर्मकाटा · सोमवार, रात्री १०:३०

७४८८० वर लावलं. ओळ आली: 'ईटीएस जान ८ २०१३, आरएसटी कॉज:१, बूट मोड:(३,६)'. आठ जानेवारी २०१३? बोर्ड तर चार वर्षांचं आहे.

कथीलवाला · सोमवार, रात्री १०:३४

ती त्या कोरलेल्या प्रोग्रॅमची तारीख, सगळ्या ईएसपी-८२६६ वर तीच येते. कॉज १ म्हणजे पॉवर नव्यानं आली. बूट मोड ३ म्हणजे नेहमीसारखा फ्लॅशमधून, म्हणजे भाच्याचा प्रोग्रॅम साठवलाय तिथून, चालू झाला. सगळं ठणठणीत.

धर्मकाटा · मंगळवार, रात्री ९:१५

आज वीस वेळा पॉवर काढून दिली. मोजून वीस. वीसही वेळा (३,६), वीसही वेळा चाललं. टेबलावर बोर्ड आदर्श विद्यार्थी आहे. गच्चीवर नेलं की पुन्हा तेच होणार, मला माहीत आहे. लाईटच्या झटक्यानं होत असेल का? स्टॅबिलायझर घेऊ?

पेठकर · मंगळवार, रात्री ९:४०

मला सर्किटातलं काही कळत नाही, म्हणून बावळट प्रश्न विचारतो. गच्चीवर जे आहे आणि टेबलावर नाही असं काय?

धर्मकाटा · मंगळवार, रात्री ९:५२

डास, मोटर, कबुतरं. आणि फ्लोट. टेबलावर फ्लोटच्या तारा मोकळ्याच आहेत.

शुभा_बडोदे · मंगळवार, रात्री ९:५५

काका, फ्लोटच्या तारा ईएसपीच्या कुठल्या पिनेला जातात? आणि टाकी भरल्यावर फ्लोट तारा जोडतो की तोडतो?

धर्मकाटा · मंगळवार, रात्री १०:२०

भिंग घेऊन बघितलं. एक तार जीला, दुसरी ज्या पिनेला जाते तिथे 'जीपीआयओ ०' लिहिलंय. टाकी भरली, फ्लोट वर आला की तारा जुळतात.

शुभा_बडोदे · मंगळवार, रात्री १०:२३

बस. स्टॅबिलायझर घेऊ नका.

पॉवर येते त्या क्षणी चिप तीन पिनांकडे बघून ठरवते की आज काय करायचं. जीपीआयओ-१५ खाली आणि जीपीआयओ-२ वर असेल तर निर्णय जीपीआयओ-० वर. ती वर असेल तर नेहमीचा प्रोग्रॅम. ती खाली, म्हणजे जीला जोडलेली असेल, तर चिप समजते की कोणीतरी सिरियलवरून नवा प्रोग्रॅम भरायला आलंय, आणि वाट बघत बसते. कायमची.

तुमच्याकडे टाकी भरलेली असताना लाईट आली तर फ्लोट वर, पिन खाली, बोर्ड वाट बघतंय. दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी होते, तुम्ही वर जाऊन बंद-चालू करता, तोवर फ्लोट खाली आलेला असतो, म्हणून चालतं. लाईट रिकाम्या टाकीवर आली तर काहीच बिघडत नाही. इलेक्ट्रिशियनलाही तो रिकाम्या टाकीवरच बोलावला असणार.

खात्री करायची असेल तर वर जाऊन ७४८८० वर लावा आणि फ्लोट हातानं वर धरून पॉवर द्या. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, चार्जर नको. मोटरचा एमसीबी पाडून ठेवा.

धर्मकाटा · मंगळवार, रात्री ११:३५

गच्चीवरून लिहितोय. लॅपटॉप उपड्या बादलीवर. सौ. टॉर्च घेऊन, मी कोपरापर्यंत टाकीत.

फ्लोट खाली सोडून पॉवर दिली: (३,६), आणि मागे कचरा, म्हणजे प्रोग्रॅम बोलतोय.

फ्लोट वर धरून पॉवर दिली: (१,६). आणि नंतर काहीच नाही. दोन मिनिटं थांबलो. फ्लोट सोडला तरी नाही. ढिम्म.

टॉर्च माझ्या तोंडावर मारून विचारलं गेलं, "म्हणजे चार वर्षं टाकी भरलेली असल्यामुळे पाणी येत नव्हतं?" हो म्हटलं.

मीच_तो_भाचा · बुधवार, सकाळी ८:०५

खातं आत्ताच काढलं. मामाच्या घरातल्या सगळ्यांची जाहीर माफी मागतो. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होतो, मोकळी दिसली ती पिन घेतली. टेबलावर टाकी नव्हती.

जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम सापडला. फ्लोटची पिन बदलून जीपीआयओ-१४ केली आहे, फाईल मेल केली. मामा, आता तिसरी तार लागेल, शुभाताईंनी सांगितलेले तीन रेझिस्टर लावूनच. फ्लोट अजून जुन्या जागीच असू दे. नवा प्रोग्रॅम भरायला चिपला त्याच वाट बघण्याच्या अवस्थेत आणावं लागतं. तेव्हा फ्लोट हातानं वर धरा आणि पॉवर द्या. बाकी मी फोनवर सांगतो.

जुना_मोडेम · बुधवार, सकाळी ८:२०

म्हणजे दुखणं तेच औषध. टीटीएलच्या तारा लांब ठेवू नका, वीतभर पुरे. बैठकीपर्यंत बारा मीटर ओढायचा विचार असेल तर सोडा, शेजारी मोटर आहे.

धर्मकाटा · गुरुवार, रात्री ८:५०

झालं. मी फ्लोट धरला, सौं.नी स्विच दिला, फोनवर भाचा. पहिल्यांदा नुसतीच टिंबं उमटत राहिली, कारण पुटी उघडंच राहिलं होतं आणि पोर्ट त्याच्याच ताब्यात. ते बंद केल्यावर टक्के चढायला लागले. अर्ध्या-पाऊण मिनिटात शंभर.

मग पॉवर काढून फ्लोटची तार १४ ला हलवली. कथील लावायला कथीलवाले स्वतः सुदामानगरहून आले, चहा घेऊन गेले, पैसे घेतले नाहीत. जाता जाता जीपीआयओ-० आणि जीच्या मधे एक छोटं बटण लावून गेले, पुढच्या वेळी टाकीत हात घालावा लागू नये म्हणून.

टाकी भरलेली असताना दहा वेळा लाईट पाडून दिली. दहाही वेळा (३,६).

पेठकर · गुरुवार, रात्री ९:०२

अभिनंदन! मग, नळ आले का?

धर्मकाटा · गुरुवार, रात्री ९:०६

आज आमची पाळी नाही. उद्या येतील.